बाईंना सांग, आणि मग पुण्याला जा

प्रश्न : नमस्कार मावशी. मी २३ वर्षांची आहे, शिवाजी पेठेत राहते, शाहूपुरीत एका सीएच्या ऑफिसात कामाला आहे. बाराव्या वर्षापासून आमच्या भागातल्या एका बाईंकडं गाणं शिकते. बाई जयपूर घराण्याचं गातात. बाबांची नोकरी सुटली तेव्हापासून त्यांनी माझ्याकडनं फी घेतलेली नाही. आता त्या सत्तरीच्या पुढं आहेत, गुडघे दुखतात, शिकणारे आम्ही दोघंतिघंच उरलोय. मागच्या वर्षी एका स्पर्धेत पुण्याच्या एका गायकांनी मला ऐकलं आणि 'माझ्याकडं ये, तुझ्या आवाजात पुष्कळ आहे' म्हणाले. ते किराणा घराण्याचे. गेले दोन महिने मी दर शनिवारी पुण्याला जाते आणि बाईंना सांगते की ऑफिसात ऑडिट चालू आहे. बाई अजून स्वतंत्र मैफल करू नको म्हणतात, गुरुजी म्हणतात पुढच्या वर्षी बसवतो. आईला सगळं माहिती आहे, ती म्हणते, 'ज्यांनी फुकट शिकवलं त्यांना फसवतेस, हे तुला पचणार नाही.' परवा यमन गाताना माझ्याकडनं नकळत सरगम, म्हणजे सा-रे-ग अशी सुरांची नावं घेत गाणं, गेली. बाईंचा तानपुऱ्यावरचा हात थांबला, त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत. सांगितलं तर त्या मोडून पडतील, नाही सांगितलं तर मला झोप नाही. बाईंना सोडू का? की गप्प राहू? आणि माझ्या मोबाइलमध्ये बाईंच्या तालमीची बरीच रेकॉर्डिंग्ज आहेत, ती गुरुजींनी मागितलीयत, देऊ का?

उत्तर :

बाईंना कळलंय गं. पुणं, शनिवार, नक्की कुणाकडं जातेस, हे सगळं नसेल कळलं, पण तुझ्या गळ्यावर दुसऱ्या कुणाचातरी हात फिरतोय एवढं त्यांना त्या सरगमीत कळलं, म्हणून तर तानपुरा थांबला. जयपूरची तालीम आकाराची, म्हणजे नुसत्या 'आ'वर गायची, आणि बोलांची, म्हणजे बंदिशीच्या शब्दांची, सरगम त्यांच्यात जवळजवळ नाहीच, मग अकरा वर्षांत कधी न घेतलेली सरगम एका यमनात आली कुठनं? यूट्यूबवरनं आली असेल असं त्यांनी स्वतःच्या मनाला सांगून बघितलंही असेल, पण त्या गाणाऱ्या बाई आहेत, ऐकून उचललेलं कुठलं आणि समोर बसवून घोटून घेतलेलं कुठलं हे त्यांना दोन सुरांत लागतं. त्या बोलल्या नाहीत कारण त्या तुझ्या बोलण्याची वाट बघतायत. त्यामुळं 'सांगितलं तर मोडून पडतील' ही भीती आधी बाजूला ठेव, आत्ता त्यांना जे लागतंय ते तू सांगत नाहीस याचंच लागतंय.

उत्तर आधीच सांगून टाकते. पुण्याला जा, खुशाल जा, पण येत्या शनिवारी नको. आधी बाईंना सांग, समोर बसून, स्वतःच्या तोंडानं, त्यानंतरचा शनिवार तुझा. बाईंना सोडू नकोस, आणि गप्प तर अजिबात राहू नकोस.

आई म्हणते त्यातलं फसवण्याचं खरं आहे. पण आईला वाटतंय की दुसरीकडं शिकायला जाणं हेच फसवणं, तसं नाहीये, आणि मला वाटतं तुझ्याही मनात ही दोन्ही एकात एक अडकलीत म्हणून तुला झोप नाही. ऑडिटचं खोटं हे फसवणं. शिकायला जाणं हे शिकायला जाणं.

आणि हे पटवायला मला कोल्हापूरच्या बाहेर फारसं जावंही लागणार नाही. तू ज्या घराण्याचं गातेस ते आपल्याकडं रुजलं शाहू महाराजांमुळं, त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून इथं ठेवून घेतलं. त्या घराण्यातलं सगळ्यात दरारा असलेलं नाव म्हणजे केसरबाई केरकर, आणि त्या लहानपणी याच कोल्हापुरात काही महिने शिकल्या ते अब्दुल करीम खाँसाहेबांकडं, म्हणजे तुझ्या पुण्याच्या गुरुजींच्या किराणा घराण्याच्या मूळपुरुषाकडं! पुढं गुरू म्हणून रामकृष्णबुवा वझे झाले, भास्करबुवा बखले झाले, बरकतुल्ला खाँ झाले, आणि १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना तालीम द्यायला घेतलं तेव्हा त्या तिशीला टेकल्या होत्या. तू जयपूरकडनं किराण्याकडं निघालीयस, त्या किराण्याकडनं जयपूरला आल्या. त्यांना कुणी गुरुद्रोही म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. भास्करबुवांचं तर आणखीनच, ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम एका माणसानं घेतली, फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ, आणि तिघांचीही नावं उघड घेतली जातात, कुणाचंच लपवलेलं नाही.

मल्लिकार्जुन मन्सूर घे. मिरजेच्या नीलकंठबुवांकडं ग्वाल्हेरची तालीम झालेली, रेकॉर्डी निघालेल्या, नाव झालेलं, आणि हे सगळं असताना ते अल्लादिया खाँसाहेबांचे मुलगे मंजी खाँसाहेब, त्यांच्याकडं जयपूरची तालीम घ्यायला नव्यानं बसले. ती तालीम फार दिवस मिळाली नाही, १९३७ साली मंजी खाँ गेले. मग त्यांचे धाकटे भाऊ भुर्जी खाँसाहेब, त्यांच्याकडं पुढची तालीम. आपल्या कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी याच भुर्जी खाँसाहेबांकडं शिकल्या, १९५० साली तेही गेले, मग लक्ष्मीबाई जाधव, मग केसरबाई.

आता तू म्हणशील मावशी, यांचे गुरू गेले म्हणून हे दुसरीकडं गेले, माझ्या बाई तर आहेत. बरोबर आहे तुझं. म्हणून किशोरीताईंचं, किशोरी आमोणकरांचं सांगते. घरात आई गुरू, ती पण मोगूबाई कुर्डीकरांसारखी, अल्लादिया खाँसाहेबांची शिष्या, तालमीला अतिशय कडक. आणि त्या मोगूबाईंनी स्वतः आपल्या मुलीला भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडं शिकायला पाठवलं. स्वतःकडं काही कमी होतं म्हणून नव्हे, अंजनीबाईंकडची मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, मुलीच्या गळ्यात यावी म्हणून. किशोरीताईंच्या गाण्यात पुढं काय झालं ते तुला मी सांगायला नको. मुद्दा एवढाच की तिथं सगळं आईच्या माहितीनं, आईच्या संमतीनं झालं, चोरून काही नव्हतं, आणि तुझ्याकडं नेमकं तेवढंच राहिलंय.

बरं आता जरा गाण्याच्या बाजूनं बोलू, कारण मला खरी काळजी तिथली आहे, पापपुण्याची नाही.

किराण्यात एकेक सूर घेऊन, त्यावर मुक्काम करत, विलंबित एकतालात फार सावकाश बढत होते, मींड, सुराचा लगाव, मधनं मधनं सरगम. जयपूरमध्ये लय त्यामानानं चढी, बहुतेक वेळा तीनताल, आणि सुटा सूर असा राहतच नाही, एका स्वरवाक्यातनं दुसरं निघतं, त्यातनं तिसरं, आणि सगळं लयीत गुंफत गुंफत समेवर यायचं, त्याला दमसास लागतो आणि तो आकारानंच येतो. दोन्ही थोर आहेत, त्यात डावंउजवं करायची माझी लायकी नाही आणि गरजही नाही. पण मंगळवारी हे आणि शनिवारी ते, आणि दोन्हीकडं यमनच, असं वर्षभर केलंस तर तुझा यमन कुणाचाच राहणार नाही, ना बाईंचा, ना गुरुजींचा, ना तुझा. परवाची सरगम ही त्याचीच सुरुवात आहे. ती तू घेतली नाहीस, ती आपोआप गेली, आणि गाणाऱ्यासाठी आपोआप जाणं हे चांगलं लक्षण नव्हे. ज्यांनी दोन-तीन ठिकाणी तालीम घेतली त्यातल्या बहुतेकांनी ती एकामागनं एक घेतली, एक अंगात मुरल्यावर दुसरी, हे पण बघ.

म्हणून माझं ऐक, राग वाटून घे. निदान पहिलं वर्षभर एकच राग दोन्हीकडं काढायचा नाही. पुण्याला गुरुजी जे मोठे राग देतील ते तिथं. आणि बाईंकडं काय, ते सांगते, आणि या अख्ख्या उत्तरातलं एवढं तरी नीट ऐक.

जयपूर घराण्याची खरी दौलत म्हणजे ते अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, आणि दोन राग जोडून झालेले जोडराग. बसंती केदार, बिहागडा, सावनी नट, खट, खोकर, नायकी कानडा. यमन तुला पुण्यात, मुंबईत, कुठंही कुणीही शिकवेल. बसंती केदारात बसंतातनं केदारात नेमकं कुठल्या सुरावरनं उतरायचं आणि परत कसं वर जायचं, सांधा न दिसता, हे असं पुस्तकातनं येत नाही, नोटेशन वाचून तर अजिबातच येत नाही, ते ज्याच्या गळ्यात आहे त्याच्यासमोर बसूनच घ्यावं लागतं. तुझ्या बाईंच्या गळ्यात ते आहे. त्या सत्तरीच्या पुढं आहेत आणि शिकणारे दोघंतिघं. मी याच्यापुढं जास्त लिहीत नाही, तुला कळतंय.

तर बाईंकडं जाशील तेव्हा नुसतं 'मी पुण्याला जाते' एवढंच सांगून उठू नकोस. त्याच बैठकीत माग त्यांच्याकडं. 'बाई, मला बसंती केदार द्या, बिहागडा द्या.' ज्या गुरूला वाटतंय की शिष्य निघाला, त्याच्यासमोर 'मी तुम्हाला कधी विसरणार नाही' वगैरे बोलणं अगदी फोल असतं गं, निरोपसमारंभाचं भाषण वाटतं ते. त्यापेक्षा शिकवा म्हणून हट्ट धरलास तर त्यांना न बोलता कळेल की ही कुठं जात नाहीये.

आता कसं सांगायचं. व्हॉट्सॲपवर नाही, फोनवर नाही, आईला मध्ये घालून नाही, तबल्याच्या काकांकरवी तर मुळीच नाही. बाकीच्या मुली असताना नको. गुरुपौर्णिमेचा मुहूर्त धरून नको, त्या दिवशी त्यांचं मन आधीच भरलेलं असतं. साधा वार बघ, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जा, तालीम सुरू व्हायच्या आधी सांग. तालीम झाल्यावर सांगू म्हणशील तर तू तासभर घाबरलेल्या गळ्यानं गाशील, त्यांना ते ऐकू येईल, आणि नंतर सांगायचा धीर होणार नाही तो नाहीच.

आणि थोडक्यात सांग. 'बाई, मी दोन महिने खोटं बोलले, ऑडिट नव्हतं. मी शनिवारी पुण्याला अमुक गुरुजींकडं शिकायला जाते. तुम्हाला विचारून जायला पाहिजे होतं, विचारलं नाही, चुकलं. मला तिकडं शिकायचं आहे, आणि तुमच्याकडंही शिकायचं आहे.' बास. यात 'त्यांनीच आग्रह केला', 'सगळेच हल्ली दोन ठिकाणी शिकतात', 'तुमची तब्येत बरी नसते म्हणून', यातलं एकही वाक्य नको. तब्येतीचं तर नकोच नको, त्याच्याइतकं लागणारं दुसरं काही नाही.

त्या काय म्हणतील? मला तुझ्या बाई माहीत नाहीत, पण अशा बाया माहीत आहेत. एक म्हणजे रागावतील, 'मग इथं कशाला आलीस' म्हणतील. रागावू दे. उलट उत्तर देऊ नकोस, नमस्कार कर, नेहमीच्या वारी नेहमीच्या वेळेला परत जा, दार उघडलं तर तानपुरा जुळवायला घे. नाही उघडलं तर पुढच्या वारी परत जा. दुसरं म्हणजे गप्प बसतील आणि 'म्हण' म्हणतील, आणि तालीम सुरू करतील, आणि त्या दिवशी तालीम जरा जास्तच कडक होईल, ती सोस. तिसरं म्हणजे सरळ 'जा की, चांगले आहेत ते' म्हणतील, आणि तुला वाटेल त्यांना काहीच वाटलं नाही. वाटलेलं असतं. महिनाभर जरा जास्त वेळ बसत जा त्यांच्याजवळ.

एक पथ्य मात्र कायमचं. बाईंसमोर 'तिकडं असं सांगतात' हे तोंडातनं काढायचं नाही, आणि पुण्यात 'आमच्या बाई असं नाही करत' हेही नाही. दोन गुरूंच्या मध्ये तू पोस्टमन व्हायचं नाहीस.

मैफलीचं तू पत्रात एका ओळीत उरकलंयस पण मला वाटतं पुण्याचं खरं कारण निम्मं तरी ते आहे. त्यात वाईट काही नाही, तेविसाव्या वर्षी बैठक करावीशी वाटली नाही तर कधी वाटणार. फक्त स्वतःशी खरं बोल. किराण्याची गायकी तुझ्या गळ्याला मानवते, तुझ्या आवाजाचा पोत तसा आहे, असं तुला आतनं वाटत असेल तर ते जायला पुरेसं कारण आहे, अगदी पूर्ण कारण आहे. अल्लादिया खाँसाहेबांचाच आवाज ऐन उमेदीत बिघडला होता, परत आला तो पहिल्यासारखा राहिला नाही, आणि मग त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, जी आज तू गातेस. त्यांच्याचकडं केसरबाई शिकल्या आणि मोगूबाई शिकल्या, आणि एकीचा तो भरदार खुला आकार आणि दुसरीची ती लयीवरची हुकमत, ऐकून बघ किती वेगळ्या आहेत. गळा बघून गाणं घडतं. पण कारण जर एवढंच असेल की बाई स्टेजवर बसवत नाहीत आणि ते बसवतो म्हणतात, तर थांब जरा. बाई नको म्हणतात तर का नको, हे तू त्यांना कधी विचारलंयस? मला तुझ्या पत्रातनं वाटतं की नाही विचारलेलं. विचार. 'बाई, अजून काय कमी आहे?' म्हणून विचार. उत्तर मिळालं तर वहीत लिहून ठेव आणि तेच पुण्यात गुरुजींनाही विचार, दोघांनी एकच जागा दाखवली तर पुढच्या वर्षी काय करायचं ते तुलाच कळेल.

आणि पुण्याच्या गुरुजींना 'तुझ्या आवाजात पुष्कळ आहे' असं जे ऐकू आलं ना त्या स्पर्धेत, ते कुठनं आलं हे पण लक्षात ठेव. यमनातला तो साधा नि रे ग बघ. निषादावरनं रिषभावर जायचं, मध्ये सा ला शिवायचं नाही. नवीन पोरं हमखास सा वर टेकतात, कारण तो एकच सूर त्यांच्या ओळखीचा असतो, नाहीतर मग निषाद कमी लागतो, नाहीतर रिषभावर धपकन पडतात. ते नीट व्हायला बाराव्या वर्षी किती दिवस बसवलं असेल बाईंनी तुला त्या तीन सुरांवर? एका हातानं तानपुरा, दुसऱ्या हाताचं बोट नुसतं जरा वर केलं की तुला कळायचं निषाद उतरलाय. नुसतं 'परत' म्हणायचं, चिडायचं नाही, कंटाळायचं नाही, आणि समोरची पोरगी खिडकीतनं बाहेर बघतेय हे दिसत असताना परत 'परत' म्हणायचं. कुणी टाळ्या वाजवत नाही या कामाला. पुण्याच्या गुरुजींना आयता लागलेला निषाद मिळालाय.

गुरुजींबद्दलही दोन गोष्टी विचारते. तू आधीपासनं बाईंकडं शिकतेस आणि यापुढंही शिकणार आहेस, हे त्यांना स्पष्ट माहीत आहे का? नसेल तर बाईंना सांगशील त्याच आठवड्यात त्यांनाही सांग. मोठ्या मनाचे असतील तर 'बाईंना माझा नमस्कार सांग' म्हणतील. पण 'तिकडचं पूर्ण बंद कर, मगच मी शिकवतो' असं म्हणाले तर मी तुला विचार करायला सांगेन, निदान लगेच गंडा, म्हणजे गुरू शिष्याच्या मनगटाला बांधतो तो धागा, बांधून घेऊ नकोस. काही गुरू खरोखर गाण्याच्या शिस्तीसाठी म्हणतात की वर्षभर दुसरं काही ऐकूही नकोस, ते मी समजू शकते. पण शिस्तीपायी सांगतायत की मालकीपायी, हे दोन-चार महिन्यांत कळतं.

आणि ही गोष्ट मला प्रत्येक मुलीला सांगावी लागते, तुलाही सांगते, त्या गुरुजींवर संशय म्हणून नाही. तिकडं आधीपासनं शिकणाऱ्या मुलींशी बोल. तालमीला घरात आणखी माणसं असतात का बघ. सेवा म्हणून काय काय करायला लावतात ते बघ. पाणी आणून देणं, तानपुरा उचलणं, पानाचा डबा पुढं करणं हे आपल्याकडं चालत आलंय आणि त्यात कमीपणा नाही. पण तालमीला गेलीस आणि भीती वाटली, कुणी अपमान करून वर 'गुरू आहे मी तुझा' म्हणालं, नको तितकं जवळ आलं, तर त्याच पावली उठायचं आणि घरी सांगायचं. तिथं निष्ठा, गंडा, घराणं काहीही आड येऊ द्यायचं नाही. तुझ्या बाई तशा असत्या तर मी हे सगळं पत्र वेगळं लिहिलं असतं.

फीचं ओझं तुझ्या पत्रात ओळीओळीत दिसतंय. आता पगार येतोय तर सगळी राहिलेली फी पाकिटात घालून देऊ, असं मनात आलं असेल तर तसं करू नकोस, निदान आत्ता तर नकोच, पुण्याचं सांगायचं आणि पाकीट पुढं करायचं म्हणजे हिशेब मिटवून मोकळी झाले असा अर्थ होईल. त्यांनी जे सोडून दिलं ते सोडून दिलं. तू दुसरं कर. गुडघ्यांसाठी डॉक्टरकडं कोण नेतं त्यांना? तू ने, सुट्टी टाकून ने, रिक्षा थेट दारात बोलव. त्यांचा तानपुरा कधीपासनं तसाच असेल, जवारी, म्हणजे घोडीवरची ती तार झणकारणारी घासणी, बसली असेल, तारा गंजल्या असतील. मिरज इथनं तास-दीड तासावर आहे, सतारमेकरांची अख्खी गल्ली आहे तिथं, मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली जीआय मानांकनसुद्धा मिळालं. बाईंना विचारून तानपुरा घेऊन जा, जवारी काढून आण, तारा बदलून आण. जवारी उघडलेला तानपुरा चार दिवसांनी परत समोर आला की गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते तुला दिसेल. आणि आठवड्यातनं एक दिवस त्यांच्या घरी लहान मुलांना अलंकार-पलटे शिकवायला बस, त्यांचा क्लास म्हणून, स्वतःचा म्हणून नाही. पोरं यायला लागली की घरात आवाज होतो, त्यांनाही बरं वाटेल, आणि पलटे शिकवताना तुझे स्वतःचे किती कच्चे आहेत ते पण कळेल.

प्रवासाचं थोडक्यात. कोल्हापूर-पुणं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, गाडीत चारपाच तास वाऱ्यात नाहीतर एसीत बसून उतरलं की गळा काही गाण्याच्या अवस्थेत नसतो, आणि त्याच दिवशी परत यायचं म्हणजे रविवार झोपण्यात जातो. दर शनिवार सोडून दे. महिन्यातनं दोनदा जा, शक्य असेल तर शुक्रवारी रात्री नातेवाइकांकडं मुक्कामाला जा, सकाळी ताज्या गळ्यानं तालीम घे, आणि मधले पंधरा दिवस जे मिळालं ते घरी घोट. चार वेळा जाऊन नवीन बंदिशी गोळा करण्यापेक्षा दोनदा जाऊन एकच पक्की झालेली बरी. सीएच्या ऑफिसात मार्च आणि सप्टेंबरमध्ये खरंच काम असतं, तेव्हा गुरुजींना आधीच सांगून ठेव, तिथंही कारणं सांगत बसायची वेळ आणू नकोस.

पुढच्या वर्षी मैफल झालीच तर निवेदकाला कागद आधी स्वतः लिहून दे. पहिलं नाव बाईंचं, मग गुरुजींचं. निवेदकांना मोठं नाव आधी घ्यायची सवय असते, पुण्याचं नाव आलं की बाकीचं 'प्राथमिक शिक्षण स्थानिक शिक्षिकेकडे' असं उडवून टाकतात, हे वाक्य तुझ्या परिचयात येता कामा नये. अकरा वर्षं म्हणजे प्राथमिक नव्हे. आणि मैफल देवल क्लबला असो नाहीतर कुठं छोट्या घरगुती बैठकीत, कोल्हापुरात असेल तर बाईंना पहिल्या रांगेत खुर्ची, जिना असेल तर दोन माणसं आधीच सांगून ठेवायची, आणि गायला बसायच्या आधी स्टेजवरनं उतरून पाया पडायचं. गुरुजींना हे आवडेल की नाही याची चिंता करू नकोस, चांगला गाणारा असेल तर त्याला आवडतंच.

आता रेकॉर्डिंग्ज. तुझा प्रश्न तू शेवटी टाकलायस पण तो लहान नाही. ती रेकॉर्डिंग्ज तुझ्या मोबाइलमध्ये आहेत म्हणून तुझी नाहीत. बाईंनी तुझ्यासमोर तालमीत गायलं ते तुला शिकवण्यासाठी गायलं, त्यात त्या थांबल्या असतील, खोकल्या असतील, एखादी बंदिश अर्धी आठवून परत सुरुवात केली असेल, कुणाबद्दल काही बोलल्या असतील. आणि जुन्या घरांमधनं काही बंदिशी अशा असतात की त्या कुणाला द्यायच्या आणि कुणाला नाही हे गुरूच ठरवतो. तेव्हा पुण्याला आत्ता एकही फाइल पाठवायची नाही, व्हॉट्सॲपवर नाही, पेनड्राइव्हवर नाही, 'फक्त ऐकायला' म्हणूनसुद्धा नाही. गुरुजींना सांग, 'बाईंना विचारते, त्या हो म्हणाल्या तर देते.' बाईंना मात्र सांगायच्या दिवशीच हे विचारू नकोस, एका दिवसात दोन गोष्टी पेलणार नाहीत, महिना-दीड महिना जाऊ दे. त्यांनी नाही म्हटलं तर विषय संपला. हो म्हटलं तर कुठल्या द्यायच्या ते त्यांच्यासोबत बसून, ऐकून ठरवा, आणि बसाल तेव्हा प्रत्येक फाइलला राग, बंदिशीचे शब्द, ताल आणि तारीख लिहून ठेव, कारण 'रेकॉर्डिंग ४७' म्हणून सेव्ह केलेलं दोन वर्षांनी तुझं तुलाच ओळखू येणार नाही. एक कॉपी बाईंच्या घरी ठेव, एक कॉम्प्युटरवर, नुसती मोबाइलच्या भरवशावर तर अजिबात ठेवू नकोस, फोन पडतात, हरवतात. कॉम्प्युटरवरच्या कॉपीचं काम मात्र कुणाला विचारायची वाट न बघता आज रात्रीच कर.